अकरा नळ्या गोठलेली माती

परत आल्यापासून यवतमाळात जो भेटतो तो विचारतो, "काय सिस्टर, लंडन पाहिलं का?" मी सांगते, पाहिलं, विमानाच्या खिडकीतून. राजाचा वाडा नाही पाहिला, नदीकाठचा तो भलामोठा पाळणाही नाही पाहिला. मी चिखल पाहिला. लोकांना वाटतं बाई थट्टा करते. अहो, थट्टा नाही. महिनाभराच्या मुक्कामातले चार दिवस मी चिखलामागे होते आणि सांगण्यासारखे तेवढेच आहेत. बाकीचे दिवस मुलीच्या फ्लॅटवर कणीक मळण्यात आणि टीव्हीवरचं हवामान बघण्यात गेले.

मी विमल. एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते, त्यामुळे गावाला मी अजून सिस्टरच. एकुलती मुलगी मृणाल इंग्लंडच्या उत्तरेला एका विद्यापीठात माती तपासते. ही माती उत्तर ध्रुवाकडची, हजारो वर्षं गोठून राहिलेली. तिच्यात जुनं गवत, शेवाळ, मुळं न कुजता तशीच पडून आहेत, कारण कुजवणारे जंतू थंडीनं झोपलेले. आता तिकडचे उन्हाळे तापताहेत. माती सुटते, जंतू जागे होतात, खायला बसतात आणि कार्बन डायऑक्साइड नि मिथेन सोडतात. त्या वायूनं हवा आणखी तापते आणि आणखी माती सुटते. हे तिनं मला फोनवर दहादा सांगितलं होतं. दहाही वेळा मी भाजी चिरता चिरता "हो का" म्हटलं होतं.

हाउन्सलो, शुक्रवार

हीथ्रो विमानतळावर तिच्या मातीच्या अकरा नळ्या विमानानं येणार होत्या. विद्यापीठाची गार गाडी ऐन वेळी बंद पडली, दुसरी पुढच्या आठवड्याशिवाय मिळेना, आणि नळ्यांभोवतीचा सुका बर्फ शनिवारपर्यंतच पुरणार होता. मृणाल म्हणाली, मीच जाते. तिच्या साहेबीण हेलन यांनी सगळी कागदपत्रं करून दिली. वाटेत नळ्या कुठंही उतरवायच्या नाहीत, सरळ प्रयोगशाळेत आणायच्या, अशी अट. प्रयोगशाळेतला जुना फिरता फ्रीझर भाड्याच्या गाडीत चढवला आणि आम्ही मायलेकी चार तास दक्षिणेला आलो.

विमानतळाशेजारच्या हाउन्सलोत डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. रस्त्यावर मात्र आपल्या लोकांची दुकानं, मेथीच्या जुड्या, काटेरी वांगी, हिरव्या मिरच्या सगळं ढिगानं. मेथी तर आमच्या दत्त चौकातल्यापेक्षा ताजी. मी दोन जुड्या घेतल्या तर मृणाल म्हणाली, "आई, आपण ट्रिपला नाही आलोय. फ्रीझरमध्ये तुझी मेथी ठेवणार नाहीये मी."

"ठेव म्हणाले का मी? मांडीवर घेऊन बसीन."

रात्रीच्या मुक्कामाच्या खोलीवर तिनं मला खरी गोष्ट सांगितली. ज्या टेकडीतून या नळ्या काढल्या, ती टेकडी त्यानंतरच्याच उन्हाळ्यात वितळून घसरली आणि नदीत गेली. पुन्हा जाऊन खणायला जागाच उरली नाही. तिची तीन वर्षं या अकरा नळ्यांवर उभी होती. माती पहिल्यांदा सुटते त्या क्षणापासून किती वायू निघतो, हे तिला मोजायचं होतं. "म्हणून वाटेत ती सुटता कामा नये. उणे अठराला ठेवायची. उणे पाच ही लक्ष्मणरेषा. त्याच्या वर गेली की जंतू कुळबुळायला लागतात, आणि मग मी जे मोजेन ते खरं नसेल."

मला एकदम माझं केंद्र आठवलं. लसींचा फ्रिज, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायची वही, आणि त्या फ्रिजच्या बटणावर मी स्वतः लावलेली चिकटपट्टी, वर निळ्या शाईत "हे बटण बंद करू नये". एकतीस वर्षांत त्या बटणाला मी कोणाला हात लावू दिला नाही. एक शिपाई पंखा समजून हात घालत होता तर त्याच्या हातावर फटका मारला होता. मी मृणालला म्हटलं, "मला काय शिकवते गं? थंडी राखायचंच काम केलं मी जन्मभर."

हे बोलल्याचं पुढं मला फार लागलं.

मिल्टन कीन्स, शनिवार

सकाळी विमानतळाच्या गोदामात नळ्या ताब्यात मिळाल्या. खिडकीवरचे पंजाबी काका कागद उलटेपालटे करत म्हणाले, "मिट्टी? बेटी, मिट्टी विमान से मँगवाई?" मृणालनं त्यांना दोन मिनिटांत सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि शिक्का मारताना मला म्हणाले, "बहनजी, सँभाल के ले जाना." दंडाएवढ्या जाड, हातभर लांब नळ्या, प्रत्येकीवर प्लास्टिकचं आवरण. प्रत्येकीत तापमान टिपणारं एक बटणाएवढं यंत्र. फ्रीझरच्या बाहेरही एक आकडा दिसायचा. उणे अठरा. गाडी सुरू असली की गाडीवर, थांबली की घरच्या विजेवर फ्रीझर चालायचा.

वाटेत मिल्टन कीन्सला माझी मावसबहीण शैला राहते. लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी आली. तिचा आदल्या दिवसापासून फोनवर फोन. "जेवल्याशिवाय पुढं गेलीस ना विमल, तर या जन्मी तोंड दाखवू नको." मृणालनं माझ्याकडे बघून तर्जनी उभी केली. "अर्धा तास. आई, अर्धा तास म्हणजे अर्धा तास."

मी हो म्हटलं. आपल्या माणसांचा अर्धा तास म्हणजे काय, हे ती इंग्लंडात राहून विसरली असावी.

त्या गावात चौक नाहीत, नुसती गोल गोल वळणं. एक संपलं की दुसरं. घरं विटांची, एकसारखी, आणि झाडांमागून जाणाऱ्या सायकलींच्या तांबड्या वाटा. त्या दिवशी उकाडा होता. रेडिओवरचा माणूस तीसच्या वर जाणार म्हणून धास्तावला होता. मी यवतमाळची, मे महिन्यात पंचेचाळीस सोसणारी. मला हसू येत होतं. पण बंद गाडी उन्हात किती तापते, हे मी त्या हसण्यात विसरले.

शैलाची मुलगी तन्वी दारातच होती. अठ्ठावीस वर्षांची, तिथंच जन्मलेली, कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरीला. तिनं गॅरेजच्या सॉकेटमधून वायर काढली, शटरखालून बाहेर घेतली, गाडीतल्या फ्रीझरला जोडली. मृणालनं आकडा बघितला, खिडकी वायरीपुरती उघडी ठेवली आणि आत आली.

आणि मग जेवण. पाटवडी-रस्सा, गोळाभात, वर कढत तेलाची फोडणी, कैरीचं लोणचं, टोमॅटोची चटणी. चाळीस वर्षांत या बाईच्या हातचा तिखटपणा तसूभर कमी झालेला नाही. "घे गं, काहून लाजते?" म्हणत ती वाढत होती. आमच्या मोठ्या मावशीच्या आजारपणाचं निघालं, मग तिच्या सुनेचं, मग नागपूरच्या प्लॉटचं. मृणाल घड्याळ बघत होती. मधेच शैला म्हणाली, "विमल, गॅरेजात फळीवर कुरड्यांचा डबा आहे, आण बरं. तळते."

मी गेले. डबा काढला. वळले तर भिंतीवर सॉकेटचं बटण चालू, लाल पट्टी दिसत असलेली, आणि त्यातली वायर कुठंतरी शटरखाली गेलेली. मी बोट टेकवलं आणि बंद केलं. बाईगं, विचारही केला नाही. घरातून निघताना, खोली सोडताना, झोपताना, दिसेल ते बटण बंद करायचं, ही माझी आयुष्याची सवय. माझ्या आईनं लावली, मी मृणालला लावली. लसींच्या फ्रिजला पट्टी लावली होती ती दुसऱ्या कुणी बंद करू नये म्हणून. माझ्यापासून राखायला हवी, हे कधी डोक्यातच आलं नाही. डबा घेऊन आत गेले आणि चार कुरड्या खाल्ल्या.

दोन तासांनी आम्ही निघालो. मृणालनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि एकदम ओरडली. फ्रीझर मुका. बाहेरचा आकडा वेगळ्या सेलवर चालायचा, म्हणून तो तेवढा दिसत होता. उणे नऊ.

तिनं धावत जाऊन बटण चालू केलं. फ्रीझर घुरघुरला, थांबला. तिनं पुन्हा बंद करून चालू केलं, पुन्हा केलं. टक् टक् असा आवाज येऊन तो जो गप्प झाला तो झालाच. गाडीच्या विजेवरही चालेना. बंद पडलेला कॉम्प्रेसर गडबडीनं चालू-बंद करायचा नसतो. मला ते माहीत होतं. पण मी तिला थांबवलं नाही, कारण मला आणखीही एक गोष्ट माहीत होती.

शैला तन्वीवर डाफरली, "नीट लावलं नसशील तू!" तन्वी रडवेली होऊन म्हणाली, "मम्मी, मी बटन नीट दाबला होता. आय स्वेअर. पण असेल... माझाच चूक असेल." मृणाल गाडीच्या पायरीवर बसली, दोन्ही हातांत डोकं धरून. "संपलं," म्हणाली. "आई, संपलं सगळं."

"संपलं" हा शब्द ऐकला आणि डोकं फिरलं माझं. केंद्रावर बारा बारा तास वीज जायची, पावसाळ्यात रस्ता तुटायचा, तरी मी लस पोचवलेली आहे. "उठ," मी म्हटलं. "उणे नऊ आहे ना? मग काही संपलेलं नाही. शैला, तुझा फ्रीझर किती लांब आहे?"

खणांचा होता, नळी काही मावेना. तन्वी म्हणाली, सुपरमार्केटमधून बर्फाच्या पिशव्या आणते. मृणालनं मान हलवली, "सुका बर्फ लागेल, आणि शनिवारी तो कोण देणार?"

"साधाच आण," मी म्हटलं. "पण नुसता घातला तर तो वितळताना शून्यावर राहील. उणे नऊच्या नळीला शून्य म्हणजे ऊबच झाली. मीठ लागेल. लहानपणी आइस्क्रीमचा संचा फिरवला नाही का आपण, शैला? बर्फात जाडं मीठ घालायचो. शून्याच्या पार खाली उतरतो तो."

शैलाच्या डोळ्यांत चमक आली. "जाडं मीठ आहे! भांडी धुवायच्या मशीनचं!" आणि सिंकखालून तिनं ही मोठी पिशवी ओढून काढली. त्या मशीनला मीठ का लागतं ते मला अजून कळलेलं नाही, पण त्या दिवशी मी त्या मशीनच्या पाया पडले असते.

पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात मी राज्य केलं. तन्वीनं दोन फेऱ्यांत बर्फ आणला. लाटण्यानं ठेचला. झिपच्या पिशव्यांत बर्फ आणि मीठ कालवून भरलं, वर दुसरी पिशवी, खारं पाणी नळ्यांवर गळू नये म्हणून. ते कालवण इतकं गार लागलं की शैलाची बोटं पांढरी पडली. मी नियम सांगितला, झाकण एकदाच उघडायचं. चौघींनी हातोहात पिशव्या आत दिल्या, नळ्यांच्या मधे, बाजूंनी, वरून. झाकण बंद. त्यावर शैलाच्या दोन रजया आणि एक गोधडी. आकडा थरथरला आणि उणे दहा झाला.

तन्वी अजून डोळे पुसत होती. आता मृणाल चावी फिरवणार, एवढ्यात मी दार उघडून खाली उतरले.

"तन्वी, तुझी चूक नाही. बटण मी बंद केलं. कुरड्यांचा डबा आणायला गेले तेव्हा."

शैलानं तोंडावर हात ठेवला. तन्वीनं मला मिठी मारली, आणि ती मिठी मला चापटीपेक्षा जास्त लागली. अर्धा तास मी त्या पोरीला रडू दिलं होतं.

उत्तरेचा रस्ता, त्याच दुपारी

बर्मिंगहॅम मागं पडेपर्यंत मृणालनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. मी तिच्या बाजूला बसून मागं वळून आकडा वाचत होते आणि दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहीत होते. उणे अकरा. उणे अकरा. उणे दहा. मोटरवेच्या दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, मेंढ्या, पिकायला आलेला गहू. एरवी मी बोलून बोलून तिचं डोकं खाल्लं असतं.

शेवटी तीच म्हणाली, "तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं की."

"मी चिडलेय, आई. खूप चिडलेय. आत्ता मला समजूतदार वगैरे व्हायला सांगू नकोस."

"चिड ना. पण गाडी नीट चालव."

स्टोकच्या अलीकडे रस्ता तुंबला. पुढं कुठंतरी गाड्या धडकल्या होत्या. तीन ओळींत हजारो गाड्या आणि हॉर्न एकाचाही नाही. एक माणूस गाडीतून उतरून शांतपणे सँडविच खात उभा होता. मला त्या शांततेचा राग आला. आपल्याकडे निदान कोणीतरी मधे उभं राहून हात हलवत ट्रॅफिक काढलं असतं. ऊन थेट मागच्या काचेवर. उणे आठ. मी ओढणी काढून काचेला लावली. मृणालनं इंजिन चालू ठेवून गार हवा मागच्या बाजूला वळवली आणि आम्ही दोघी घामानं निथळत बसलो. उणे सात.

एक तासानं वाट मोकळी झाली. पहिल्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे मोटरवेकाठच्या थांब्यावरच्या दुकानात, मी धावत आत गेले. तिथं बर्फाच्या चार पिशव्या मिळाल्या, उरलेलं मीठ आमच्याजवळ होतंच. प्रश्न होता झाकणाचा. उघडावं तर वरची गरम हवा आत जाणार, न उघडावं तर पुढचे दोन तास निभायचे नाहीत. मृणालनं माझ्याकडे बघितलं. "तू सांग."

मला वाटतं, दिवसभरात तिनं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती. मी म्हटलं, "उघडायचं. एक वरची नळी तापेल कदाचित. खालच्या वाचतील."

गाडी सावलीत लावली, आधी सगळ्या पिशव्या तयार केल्या, मग उघडलं. मी मनात वीस मोजले, एकोणिसाव्याला झाकण बंद. सर्व्हिसेसमधला एक म्हातारा कॉफीचा कप घेऊन बघत होता. "पार्टी?" त्यानं विचारलं. मृणाल सकाळनंतर पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "फ्युनरल, मेबी." त्यानं घाबरून सॉरी म्हटलं. तिकडे सगळे सगळ्यालाच सॉरी म्हणतात.

उजेड असतानाच आम्ही पोचलो. हेलन दाराशी ट्रॉली घेऊन उभ्या. बाहेरचा आकडा उणे सहा. त्यांनी एकही प्रश्न न विचारता नळ्या आतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये घातल्या. मग म्हणाल्या, प्रत्येक नळीतलं यंत्र सोमवारी वाचू, तोवर काही सांगता येणार नाही.

डोंगरावर, रविवार

फ्लॅटमध्ये बसून आम्ही वेड्या झालो असतो, म्हणून मृणालनं मला गावामागच्या डोंगरावर नेलं. डोंगर कसला, वर सपाट पठार, तांबूस गवत आणि त्यात कापसासारखी पांढरी फुलं. यवतमाळच्या कापसाची आठवण येऊन मी एक खुडलं. बोंड नाही, सरकी नाही, नुसतंच पांढरं. पाऊल ठेवलं की जमीन गादीसारखी दबते. ही पण जुन्या शेवाळाची माती, फक्त गोठलेली नाही, पाण्यात बुडून टिकलेली. पूर्वीच्या लोकांनी चर खणून तिचं पाणी काढलं. ती सुकली आणि तिनंही वायू सोडायला सुरुवात केली.

आता तेच चर बुजवायचं काम चाललं होतं. सात-आठ म्हातारी माणसं गमबूट घालून, चरात आडवे ओंडके बसवत होती. जवळ जाऊन बघते तर ओंडके लाकडाचे नाहीत, नारळाच्या काथ्याचे. दक्षिणेकडचा आपला काथ्या, इंग्लंडच्या डोंगरावर! एका आजोबांनी मला एक टोक धरायला दिलं. मी धरलं, पुढं पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. मला ओढून काढलं, बूट आतच राहिला. आजोबांनी पालथं पडून हात घालून तो शोधला आणि पाणी ओतून मला परत दिला, जणू त्यांचीच चूक. दर रविवारी येतात म्हणाले. पाणी परत भरायला किती वर्षं लागतील, मी विचारलं. "माझ्या आयुष्यात नाही," ते म्हणाले आणि पुढचा ओंडका उचलला.

आम्ही मेथीचे पराठे त्यांच्यात वाटले. हाउन्सलोची मेथी शेवटी कामाला आली. मृणाल माझ्या चिखलानं भरलेल्या पायाकडे बघत म्हणाली, "मीपण ना, खोलीतून निघताना बटणं बंद करते. लॅबमधले हसतात मला. काल गॅरेजमध्ये तुझ्याऐवजी मी गेले असते तर कदाचित मीच..." वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. पराठ्याचा अर्धा तुकडा तोडून मला दिला.

प्रयोगशाळा, सोमवार

हेलननी यंत्रं एकेक करून वाचली. त्या मला नुसतं "विमल" म्हणायच्या. शैला सोडली तर आई गेल्यापासून कुणी मला असं नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. गावाला मी सिस्टर, नातलगांत काकू. मला आवडलं ते.

दहा नळ्या उणे पाचच्या आत राहिल्या होत्या. अकरावी, सगळ्यात वरची, काही वेळ उणे चारपर्यंत गेली होती.

"दहा चालतील," हेलन म्हणाल्या. मृणालनं टेबलाची कड घट्ट धरली. मग त्यांनी जाड वही पुढं ओढली. नळ्यांबाबत जे जे घडलं ते तीत लिहायचं असतं. मृणालनं लिहायला सुरुवात केली, "वीजपुरवठा खंडित..."

मी तिचा हात धरला. "असं नको. वीज गेली नव्हती. वीज मी बंद केली." आमच्या केंद्रात एकदा माझ्या हातून लसींचा डबा बाहेर राहिला होता. मी माझ्या नावानं लिहिलं, साहेबांची बोलणी खाल्ली, लसी फेकल्या. लिहिलं नसतं तर ती निकामी लस कुणाच्या तरी लेकराला टोचली गेली असती. ज्या वहीवर माणसं विसंबतात तिच्यात गोलमाल चालत नाही.

वही मी माझ्याकडे घेतली आणि मराठीत लिहिलं, "शनिवारी दुपारी बटण मी बंद केलं. अनवधानानं." खाली सही. मृणालनं शेजारी इंग्रजीत लिहिलं. हेलननी इंग्रजी ओळ वाचली, मराठीही वाचल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, या वहीत "बंद झालं" पुष्कळदा आहे, "मी बंद केलं" पहिल्यांदाच आलं.

अकरावी नळी आता प्रयोगात धरता येणार नव्हती. हेलन म्हणाल्या, "विमल, बघायचीय का?" त्यांनी ती एका काचेच्या पेटीत ठेवली, पेटीला नळ्या, नळ्यांना वायू मोजायचं यंत्र. आवरण काढलं. काळीभोर माती, तीत पांढऱ्या बर्फाच्या रेघा, आणि मधे एक गवताची काडी. इतकी हिरवट की काल खुडली असावी असं वाटलं. कोण्या काळी कुठल्याशा हरणाच्या तोंडून सुटलेली. पेटी बंद करण्याआधी मी वास घेतला. ओल्या गोठ्याचा, बंद माठाचा असा कसलासा वास होता.

आम्ही चहा घेत बसलो. बर्फाच्या रेघा आधी चमकल्या, मग पुसट झाल्या. माती खचली. काडी बघता बघता तपकिरी पडली. मृणाल म्हणाली, वायू काही इतक्या लवकर दिसणार नाही, जंतूंना जागं व्हायला वेळ लागतो. पण संध्याकाळी पडद्यावरची रेघ, जी सकाळपासून आडवी होती, तिनं टोक वर केलं. अगदी नखभर.

"हाच का तो?"

"हाच."

"आता परत फ्रीझरमध्ये घातली तर?"

"थांबेल, आई. पण निघून गेलेला परत आत जाणार नाही."

मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. लस टोचल्यावर लेकराला अर्धा तास समोर बसवून बघायची सवय आहे मला. हेलननी घरी जायचं म्हणून दिवे बंद करायला हात नेला, मग माझ्याकडे बघून थांबल्या.

निघायच्या दिवशी मी माझ्या औषधाच्या पिशवीतली चिकटपट्टी काढून प्रयोगशाळेच्या मोठ्या फ्रीझरच्या बटणावर लावली आणि निळ्या पेननं लिहिलं, "हे बटण बंद करू नये". मृणालनं विचारलं, इथं मराठी कोणाला येतं? मी म्हटलं, तुला येतं ना, आणि मला.

आता यवतमाळात आहे. घरातून निघताना हात अजून बटणांकडे जातो. जाऊ दे, ती सवय वाईट नाही, पण आता आधी वायर कुठं गेलीय ते बघते. मृणाल दर आठवड्याला फोनवर सांगते. दहा नळ्यांचं काम रुळावर आहे, नवा फ्रीझर आलाय. भाजी चिरणं बाजूला ठेवून मी ऐकते.

काल मी अकरावीचं विचारलं. तिनं लगेच पडद्याचा फोटो पाठवला. रेघ अजून चढतेच आहे.

त्या एका हातभर नळीचं बटण कोणी बंद केलं ते वहीत लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे. ती टेकडी वितळून नदीत गेली, तिथली हवा कोणी तापवली त्याची वही मात्र कोरीच आहे. सही करायला तिथं अजून कोणी आलेलं नाही.